पडद्यामागील शिक्षण : कोल्हापूरचे पेंटर बंधू आणि त्यांचा शिष्यवर्ग

मराठी रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने नाटककार, गायक नट आणि नाटक मंडळ्यांचे मालक यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, या घटना प्रत्येक अभ्यासकास ज्ञात असतात. मात्र पुढील काळात ज्या पडद्यांच्या वैभवाने प्रेक्षक दिपून जात, ते पडदे रंगविणारी व ओढणारी माणसे हे काम कोठे आणि कोणत्या वयात शिकली, याविषयी त्रोटक उल्लेखांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या पेंटर बंधूंच्या उदाहरणावरून या शिक्षणाचे स्वरूप व त्याची ऐतिहासिक परिणती तपासली आहे.

'नेपथ्य' या शब्दाचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. म्हणजे वेश, रंग, आभूषणे, कृत्रिम वस्तू असे सर्व काही त्यात येते. आजच्या मराठीत हा शब्द बहुधा रंगमंचावरील देखाव्यापुरता उरला आहे. शास्त्राने ज्यास अभिनयाचे अंग मानले, त्यास व्यवहाराने कारागिरी ठरवून दुय्यम लेखले, असेच म्हणावे लागते.

बाबूराव कृष्णाजी मिस्त्री, म्हणजेच पुढे बाबूराव पेंटर म्हणून प्रसिद्ध झालेले कलावंत, यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. चित्र, शिल्प, सुतारकाम व लोहारकाम यांचे संस्कार त्यांच्यावर घरातच, वडिलांच्या हाताखाली झाले. कोणत्याही कलाशाळेचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी साधारणतः १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. या कामास प्रारंभ झाला तेव्हा बाबूराव अवघे वीस वर्षांचे होते. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श (१९०८) आणि गंधर्व नाटक मंडळी (१९१३) यांचा तो उत्कर्षकाळ होय. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटरही याच दशकातले. पुढे केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने ओळखली गेलेली ही वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडली.

पडदा रंगविणे म्हणजे मोठे चित्र काढणे, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती अनेक विद्यांची एकत्र कसोटी असते. कापडाचे पट्टे जोडून ते ताणावयाचे, त्यावर खळ चढवावयाची, सरसात कोरडे रंग कालवून ते भरावयाचे. ओला असताना गडद दिसणारा रंग वाळल्यावर फिका पडतो. म्हणून वाळल्यानंतरची छटा मनाशी धरून ओला रंग लावावा लागतो. त्यातही दिवसाउजेडी रंगविलेला पडदा प्रेक्षक रात्री कृत्रिम प्रकाशात पाहणार असतो. पिवळसर उजेडात निळा रंग मलूल होतो, हे ज्यास ठाऊक नाही त्याचे आकाश राखाडी दिसते. राजवाड्याच्या खांबांची ओळ जवळून पाहता वेडीवाकडी वाटली तरी चालते, परंतु मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकास ती सरळ आत गेलेली दिसली पाहिजे. शिवाय पडदा गुंडाळला जातो. रंगाचा थर जाड झाल्यास त्यास भेगा पडतात, आणि दोन्ही बाजूंचे दोर सारख्या गतीने ओढले नाहीत तर दरबार तिरपा होतो. हे ज्ञान ग्रंथातून मिळणारे नव्हते. खळ शिजविणे, रंग घोटणे, कुंचले धुणे अशी कामे करता करता शिकाऊ मुलगा ते डोळ्यांनी टिपत असे.

या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. शिकणे पूर्णतः गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे, चुकीचे कारण समजावून सांगितले जाईलच याची शाश्वती नसे, आणि मुलींना ही दारे जवळजवळ बंदच होती. तथापि या शिक्षणाने एक गोष्ट साधली. साधनाची भीती घालविली.

१९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ने हे बंधू चित्रपटाकडे ओढले गेले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले, तरी बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये चालू स्थितीतील कॅमेरा स्वतः घडविला. १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. वरवर पाहता ही चित्रपटाच्या इतिहासातील नोंद आहे, परंतु प्रकाशात रंग कसा पालटतो याचा अभ्यास नाटकाच्या पडद्यांवर आधीच होऊन गेला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दामले यांच्याप्रमाणेच फत्तेलाल हेही पडद्यांच्या कामातूनच चित्रपटात आले. बालवयात गंधर्व नाटक मंडळीत राहून आलेले शांताराम वणकुद्रे १९२० च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर, या कंपनीत दाखल झाले आणि पडेल ते काम करीत शिकले. दामले, फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली, आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट पडद्यावर आला.

बोलपटाच्या आगमनानंतर नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. कर्जबाजारीपणा, राजाश्रयाचा ऱ्हास, वाढता खर्च ही कारणे खरीच. परंतु संगीत नाटकाचे थिएटर ओस पाडणाऱ्या या नव्या माध्यमाची उभारणी करणारे हात त्याच नाटकाच्या पडद्यामागे तयार झाले होते, ही बाब रंगभूमीच्या इतिहासकारांनी पुरेशी विचारात घेतलेली दिसत नाही. रंगभूमीने आपल्या नटांचा सत्कार केला, कारागिरांस मात्र धरून ठेवण्याजोगे स्थान दिले नाही. पु. श्री. काळे यांनी ललितकलादर्शच्या 'सत्तेचे गुलाम' (१९२२) साठी केलेल्या वास्तवदर्शी नेपथ्यासारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच.

रंगतंत्राचे शिक्षण पुढे संस्थांकडे आले. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले, पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन झाले. प्रकाशयोजना व नेपथ्य यांना अभ्यासक्रमात जागा मिळाली, ते लिहून ठेवले जाऊ लागले आणि मुलींनाही खुले झाले. हा लाभ निःसंशय मोठा आहे. खळ शिजविण्यापासून कॅमेरा घडविण्यापर्यंत एकाच तरुणास नेणारा तो सलग प्रवास मात्र प्रश्नपत्रिकेच्या चौकटीत सहजी मावणारा नाही.

प्रभातमध्ये दामले यांनी ध्वनिमुद्रणाचा आणि फत्तेलाल यांनी कलाविभागाचा भार वाहिला. या दोघांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) चा पुढील वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला. त्या चित्रपटाच्या अखेरीस तुकोबांचे विमान आकाशात जाते. ते ज्यांनी उडविले, त्यांनी आकाश रंगविण्याचा पहिला धडा नाटकाच्या कापडावर गिरविला होता.