मेंदूतील गाठीचा शोध : लिस्बनपासून मुंबईपर्यंत

पेडण्याच्या श्रीभगवतीची कोजागिरीची पुनव आमच्या वाचकांस परिचित आहे. बाधा झाली अशी समजूत असलेली माणसे त्या रात्री देवापुढे आणण्याची रूढी जुनी आहे. त्या श्रद्धेविषयी वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अकस्मात येणारे फेफरे, पालटलेला स्वभाव, पहाटेची डोकेदुखी आणि ओकारी ही मेंदूत वाढणाऱ्या गाठीचीही लक्षणे असू शकतात. सव्वाशे वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या डोक्यातील अशी गाठ कोणा वैद्यास प्रत्यक्ष पाहता येत नव्हती. ती दिसू लागली कशी, आणि तिच्या शोधात संगणक शिरला कसा, हे जाणून घेणे उपयुक्त होईल.

इ. स. १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. हाडे दिसू लागली. पण कवटीआडचा मऊ मेंदू काही उमटेना. १९१८ साली बाल्टिमोरचे शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्रे घेतली. गाठ दिसली नाही, पण तिने बाजूस ढकललेल्या पोकळ्या दिसल्या. पुढचा शोध लागला तो ज्या लिस्बनहून त्या काळी गोव्याचा कारभार चाले, त्याच नगरीत. १९२७ साली एगास मोनीझ यांनी मानेतील रोहिणीत सोडियम आयोडाइडचे द्रावण सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्या चित्रात उमटविल्या. वाहिनी आपली वाट सोडून वाकली असेल, तर तेथे काहीतरी वाढते आहे असे अनुमान निघे. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होते खरे. तथापि नव्या काबिजादीतील पेडणे आणि डिचोली महालांच्या रयतेपासून ही विद्या फार दूर राहिली.

या दोन्ही रीतींचे मर्म एकच. गाठ स्वतः लपून राहते, पण शेजाऱ्यांस जागचे हलविते. त्या हलण्यावरून ती ओळखावयाची. हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील इतिहास सुगम होतो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्रात प्रथमच एका स्त्रीचे डोके तपासले गेले. क्ष-किरण अनेक बाजूंनी सोडून, ते किती शोषले गेले याच्या नोंदींवरून संगणकाने मेंदूच्या एका कापाचे चित्र गणिताने रचले. ऐंशी गुणिले ऐंशी, म्हणजे ६,४०० चौकोन, आणि प्रत्येकाचा एक आकडा! त्या चित्रात कपाळामागील गाठ स्पष्ट दिसली. हाच सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांस १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, संगणक या क्षेत्रात नवखा नाही; आरंभी तो चित्र काढीत होता, आता ते वाचूही लागला आहे.

या वाचनाचा एक मोठा प्रयोग आपल्या मुंबईतच झाला. २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर एआय या संस्थेने भारतातील डोक्याचे ३,१३,३१८ सीटी स्कॅन आणि त्यांवरील डॉक्टरांचे अहवाल जमविले. त्यांतील बहुतेकांवर संगणकास शिकविले आणि उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली. हे संशोधन २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रक्तस्राव आणि कवटीची मोड यांबरोबर संगणक पाहत होता तो मेंदूची मध्यरेषा सरकली आहे काय, आणि आत कशाचा दाब पडला आहे काय, हेही. डँडी आणि मोनीझ यांचेच सूत्र हे! अशा यंत्राचा मुख्य उपयोग असा की, न वाचलेल्या चित्रांच्या राशीतून तातडीचे चित्र वर काढून ते डॉक्टरांपुढे आधी ठेवता येते. एमआरआय चित्रांत गाठीची सीमा संगणकाने आखावी, यासाठीही २०१२ पासून जगभरच्या संशोधकांची स्पर्धा चालत आली आहे.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. यंत्रास जे दाखविले, तेच ते ओळखते. आपल्या देशात मेंदूतील प्रत्येक गाठ अर्बुद नसते. क्षयाची गाठ असते, पट्टकृमीच्या अळीचे कोशही असतात, आणि चित्रात ही सारी एकमेकांसारखी भासतात. फेफरे येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतील लहान ठिपके क्षयाचे मानून वर्षानुवर्षे औषध दिले जाई. वेल्लोरच्या वैद्यांनी १९८०-९० च्या दशकात असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून तपासले, तेव्हा त्यांतील पुष्कळसे कृमींचे निघाले. अनुभवी डोळेही जेथे चकले, तेथे परदेशी रुग्णांच्या अर्बुदांवरच शिकलेला संगणक आमच्या माणसाच्या बऱ्या होणाऱ्या गाठीस असाध्य ठरवील, किंवा खऱ्या अर्बुदास क्षुल्लक मानील, ही भीती अनाठायी नाही. म्हणून आमच्या रुग्णांची चित्रे, त्यांचे नाव-गाव गाळून आणि अंतिम निदानासह, या शिक्षणात आली पाहिजेत. आणि निर्णय वैद्याचाच राहिला पाहिजे.

शापोरा आणि मांडवी ओलांडून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठणे आज पेडणेकरांस अवघड राहिलेले नाही, डिचोलीकरांसही नाही. पण कोणताही संगणक घरी बसलेल्या रुग्णाचे चित्र वाचू शकत नाही. देवाचा कौल अवश्य घ्यावा. परंतु प्रथम फेफरे आले की तपासणीस विलंब लावू नये. गाठ लहान असता सापडली तर वैद्याच्या हाती पुष्कळ उपाय असतात, आणि वेळ दवडल्यास तेच उपाय एकेक करून हातचे जातात.