ताळा नेमका कशाचा?

एखादी फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी पोचली की नाही, हे पाहण्याची रीत गेल्या काही दशकांत मुळात बदललेली नाही. फाइलमधल्या सगळ्या बाइटांवर ठरावीक हिशेब करायचा, त्यातून एक छोटा आकडा काढायचा, तोच हिशेब पलीकडच्या टोकाला करायचा आणि दोन आकडे जुळतात का ते बघायचे. या आकड्याला चेकसम म्हणतात. त्याचा इतिहास बहुतेक वेळा गणिताच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी साधी बेरीज होती. मग १९६१ मध्ये वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी भागाकारातल्या बाकीची रीत, म्हणजे सीआरसी मांडली. पुढे रॉन रिव्हेस्ट यांचे १९९२ मधले एमडी५, मग शा-१ आणि शा-२५६. ही वंशावळ खरी आहे. पण चेकसम प्रत्यक्षात कुठे कुठे चुकत आले हे शोधू लागलो की ती फारशी उपयोगी पडत नाही. जुनी मानके आणि जुने प्रोग्रॅम वाचताना पुन्हा पुन्हा हेच आढळते की गणित क्वचित चुकले. चुकले ते दोन टोकांनी आपापसात ठरवायचे होते ते. कोणते बाइट धरायचे, कोणत्या क्रमाने, एका बाइटची किंमत काय मानायची, आरंभ कुठून आणि उत्तर लिहायचे कसे, यातले एखादे कलम दोघांनी वेगवेगळे गृहीत धरले की दोघांचीही आकडेमोड अचूक असून ताळा जमत नसे.

युनिक्समधल्या ‘सम’ या आज्ञेपासून सुरुवात करू, कारण तिथे हा घोटाळा अगदी उघड्यावर आहे. युनिक्सच्या दोन मोठ्या घराण्यांत, बर्कलीच्या बीएसडीत आणि एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये, या एकाच नावाची आज्ञा होती आणि ती दोन वेगळे आकडे देत असे. समजा, फाइलमध्ये १२५० ही रक्कम आस्की अंकांत लिहिली आहे, बाकी काही नाही. म्हणजे ४९, ५०, ५३ आणि ४८ हे चार बाइट. सिस्टिम फाइव्हचा हिशेब सरळ बेरजेचा, उत्तर २००. बेरीज सोळा बिटांत मावेनाशी झाली तर वर गेलेला भाग पुन्हा खालच्या भागात मिळवायचा, एवढीच भर. बर्कलीची रीत निराळी. प्रत्येक बाइट मिळवण्याआधी ती तोवरचा आकडा एक बिट उजवीकडे फिरवते आणि सोळा बिटांबाहेरचा हातचा सोडून देते. तिचे उत्तर ८२८५. आता वाटेत दोन अंकांची अदलाबदल होऊन १२५० चे २१५० झाले असे धरा. बर्कलीचा आकडा ९३ होतो, म्हणजे चूक लगेच पकडली जाते. सिस्टिम फाइव्हचा आकडा २००च राहतो, कारण बेरजेला क्रम कळत नाही. त्यात आज्ञेने चेकसमसोबत छापलेला फाइलचा आकारही एका घराण्यात १०२४ बाइटांच्या गठ्ठ्यांत आणि दुसऱ्यात ५१२ च्या गठ्ठ्यांत असे. नाव एक, उद्देश एक आणि उत्तरे दोन. १९९२ मध्ये पॉझिक्स मानक ठरवणाऱ्यांनी यातली एक बाजू निवडली नाही. ‘सम’ बाजूला ठेवून ‘सीकेसम’ ही नवी आज्ञा आणली.

नव्या आज्ञेने घराण्यांचा वाद मिटला, पण शेजारी तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. सीकेसमने इथरनेटच्या मानकातला बत्तीस बिटांचा भाजक घेतला. तोच भाजक झिपच्या फाइलींमध्येही वापरला जातो. तेव्हा दोन्हींचे उत्तर एकच यावे, अशी कुणाचीही समजूत होईल. १ ते ९ हे अंक ओळीने लिहून पाहिले तर झिपची रीत ३४२१७८०२६२ देते आणि सीकेसम ९३०७६६८६५. भाजक एकच असला तरी एक रीत सगळे बिट एक ठेवून सुरू होते, दुसरी सगळे शून्य ठेवून. एक प्रत्येक बाइट खालच्या बिटाकडून वाचते, दुसरी वरच्या बिटाकडून. शिवाय सीकेसम शेवटी फाइलची लांबीही भागाकारात ओढते. ‘आम्ही सीआरसी-३२ वापरतो’ एवढ्या वाक्यात यातले काहीच येत नाही. हे नेमके ओळखले ऑस्ट्रेलियातल्या रॉस विल्यम्स यांनी. १९९३ मधल्या त्यांच्या मार्गदर्शिकेत त्यांनी सीआरसीची प्रत्येक जात काही ठरावीक रकान्यांत मांडली: रुंदी, भाजक, आरंभीची किंमत, बिट उलटायचे की नाही, शेवटी काय मिळवायचे, आणि १ ते ९ या अंकांचे उत्तर काय यायला हवे. माझ्या मते या क्षेत्रातले हे सर्वांत मोलाचे काम आहे. त्यात नवे गणित फारसे नाही. तोवर सगळ्यांनी मनात धरलेले करार विल्यम्स यांनी कागदावर आणले, आणि त्यांच्या शेवटच्या रकान्यामुळे कोणालाही आपला प्रोग्रॅम मिनिटभरात तपासता येऊ लागला.

बाइटची किंमत काय, हा प्रश्न तर इतका साधा की तो विचारावा लागेल असे वाटतच नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या युनिक्ससोबत आलेल्या ‘टार’ या साठवणीच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांचे शीर्षक असते आणि त्यात त्या शीर्षकाचीच बेरीज लिहिलेली असते. बेरीज शीर्षकातच लिहायची असल्यामुळे ती करताना तिची स्वतःची आठ घरे रिकाम्या जागा मानायची, हा करार सगळ्यांनी पाळला. पण सी भाषेत ‘चार’ या प्रकारातली संख्या ० ते २५५ की −१२८ ते १२७, हे कंपायलर लिहिणाऱ्यावर सोडलेले होते, आणि ज्या पीडीपी-११ वर सी वाढली तिथे ती चिन्हासह धरली जाई. इंग्रजी नावांच्या फाइलींत सगळे बाइट १२७ च्या आत राहतात, त्यामुळे फरक दिसतच नसे. नाव दुसऱ्या लिपीत आले की दिसे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि तिन्ही १२७ च्या वर असतात. ‘जमाखर्च’ या फाइलनावाचे एकवीस बाइट होतात. चिन्हासह बेरीज करणाऱ्या टारमध्ये प्रत्येक बाइटमागे २५६ कमी पडतात आणि एकूण बेरीज ५३७६ ने घसरते. म्हणून आजचे टार वाचणारे बहुतेक प्रोग्रॅम दोन्ही रीतींनी बेरीज करतात आणि कुठलीही एक जुळली की शीर्षक बरोबर मानतात. जावा भाषेने बाइट चिन्हासहच ठेवला, आणि त्या भाषेत चेकसम लिहिणाऱ्याला दर बाइटमागे वरचे बिट पुसून घ्यायची सवय लावून घ्यावी लागली.

फाइलीत काय आहे, यावरही एकमत नव्हते. सीपी/एम या जुन्या प्रणालीत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत नोंदली जाई. त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे दाखवायला २६ क्रमांकाचा बाइट ठेवत. एमएस-डॉसने ती खूण पुढे चालवली आणि ओळ संपवायला १३ व १० हे दोन बाइट घेतले. युनिक्सला १० पुरे होता. वरच्या १२५० च्या पुढे युनिक्सवर एक ओळ संपवली की सिस्टिम फाइव्हची बेरीज २१० होते, डॉसवर २२३. सी भाषेच्या १९८९ च्या मानकाने फाइल उघडण्याचे दोन प्रकार ठेवले, मजकुराचा आणि बायनरी. डॉस-विंडोजवर मजकुराच्या प्रकाराने उघडलेली फाइल वाचताना ओळींचे शेवट आपोआप बदलले जात आणि २६ दिसताच वाचन थांबे. अशा वेळी प्रोग्रॅमने काढलेला आकडा अचूकच असे, फक्त तो डिस्कवर असलेल्या फाइलचा नसे. फाइली पाठवण्याच्या एफटीपीतही १९८५ च्या मानकानुसार काही न सांगितल्यास मजकुराचाच प्रकार लागू होई, आणि चित्रे व प्रोग्रॅम वाटेत बिघडत. पीएनजी चित्रांचे मानक लिहिणाऱ्यांनी १९९६ मध्ये हा सगळा अनुभव आठ बाइटांत बसवला. प्रत्येक पीएनजीच्या सुरुवातीला १३७, मग पी-एन-जी ही अक्षरे, आणि मग १३, १०, २६, १० असतात. सात बिटांच्या वाटेने फाइल गेली तर १३७ बिघडतो. ओळींचे शेवट कुणी बदलले तर १३-१० किंवा शेवटचा १० बिघडतो. डॉसवर कुणी चित्र मजकूर समजून छापू लागला तर २६ त्याला थांबवतो. पुढे चित्राच्या प्रत्येक खंडाला सीआरसी आहेच, पण तो तपासण्याआधीच हे आठ बाइट सांगतात की आपल्या हाती आलेली फाइल तीच आहे का.

आकडा कुठे काढला, हेही करारातलेच एक कलम, आणि सर्वांत महाग पडलेले. साल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एंड-टू-एंड’ हा गाजलेला निबंध लिहिला, तेव्हा मुख्य उदाहरण फाइल पाठवण्याचेच घेतले. त्यातली एमआयटीमधली हकिकत अशी: तिथल्या जाळ्यात प्रत्येक टप्प्यावर पाकिटांचा चेकसम तपासला जाई, म्हणून प्रोग्रॅमर निर्धास्त होते. पण एका गेटवे संगणकात, आत आलेले पाकीट बाहेर जाण्याच्या जागेत नकलताना, साधारण दहा लाख बाइटांमागे एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल होत होती. वायरीवर सगळे बरोबर होते. बिघाड दोन तपासण्यांच्या मधे, स्मृतीत होत होता. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली पुन्हा पुन्हा त्या वाटेने गेल्या आणि हळूहळू बिघडत राहिल्या. शेवटी त्यांच्या धन्यांना जुन्या छापील प्रती काढून फाइली डोळ्यांनी ताडून पाहाव्या लागल्या. २००० मध्ये जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी इंटरनेटवरच्या पाकिटांचा अभ्यास करून दाखवले की दर ११०० ते ३२००० पाकिटांमागे एक पाकीट टीसीपीच्या चेकसममध्ये नापास होते, तेही जिथे वायरीवरच्या सीआरसीने चार अब्जांत एखादीच चूक निसटू द्यायला हवी तिथे. सीआरसी चुकत नव्हती. ती लावण्याच्या आधी किंवा काढून टाकल्यानंतर पाकिटे बिघडत होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खरी पडझड तर गणिताचीच झाली. २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ फोडले, आणि २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. हे मान्यच आहे, आणि मुद्दाम फसवणारा समोर असेल तिथे कमकुवत हॅश, म्हणजे एमडी५-शा यांसारख्या रीतींनी काढलेला चेकसम, वापरणे धोक्याचे आहे. पण त्या पीडीएफ प्रत्यक्षात कुठे नडल्या ते बघा. वेबकिट या ब्राउझर-प्रकल्पाचे भांडार सबव्हर्जन या प्रोग्रॅमवर चाले; तिथे त्या चाचणीसाठी टाकल्या गेल्या आणि भांडारच अडून बसले, कारण हॅश एक म्हणजे मजकूर एक, असे सबव्हर्जन मनात धरून होते. त्या गृहीतकाचा कुठल्याही गणिताने कधी वायदा केलेला नव्हता. उलट, मजकुराच्या प्रकाराने उघडलेल्या फाइलीचा शा-२५६ काढला तरी तो चुकीच्याच बाइटांचा राहतो. आकडा बत्तीस बिटांचा असो की २५६ बिटांचा, त्याने हे दुखणे बरे होत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता प्रत्येक भाषेत तयार लायब्ररी आहे, तेव्हा हा इतिहास कालबाह्य झाला. लायब्ररी गणित सांभाळते, हे खरे. पण कुठल्याही प्रकल्पाच्या नोंदींत डी४१डी८सीडी९८एफ००बी२०४ या अक्षरांनी सुरू होणारा एमडी५ सापडला की जाणकार लगेच ओळखतो की फाइल वाचलीच गेलेली नाही. तो शून्य बाइटांचा एमडी५ आहे. जावात हॅशला मोठी संख्या मानून सोळाच्या पायात छापले की आरंभीची शून्ये गळतात, आणि दर सोळा फाइलींमागे सरासरी एकीचा आकडा आखूड येऊन तुलनेत नापास होतो. हे दोन्ही प्रमाद आजच्या लायब्ऱ्यांवर उभे राहून होतात. पायथनने यातला धडा घेतल्याचे दिसते. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याची हॅशची लायब्ररी अक्षरांची माळ घेतच नाही, बाइटच मागते. आणि २०२२ मध्ये आलेले फाइलचा हॅश काढणारे फंक्शन मजकुराच्या प्रकाराने उघडलेली फाइल नाकारते. करारातले एक कलम आता भाषाच पाळायला लावते.

सगळी कलमे मात्र भाषेला पाळता येत नाहीत, आणि मराठी मजकुरात हे लगेच जाणवते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मानकाच्या दृष्टीने दोन्ही समान आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारखेच उमटायला हवेत. बाइट मात्र एकात तीन, दुसऱ्यात सहा. ‘दऱ्या’ हा शब्द असलेली फाइल एका संपादकातून दुसऱ्यात जाताना एकसारखी करून जतन झाली, तर वाचणाऱ्याला अवाक्षर बदललेले दिसणार नाही आणि हॅश साफ वेगळा येईल. फाइलच्या दृष्टीने तो बरोबर आहे, मजकुराच्या दृष्टीने निरर्थक. आपल्याला नेमके कशाचे साम्य तपासायचे आहे, हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते. हाच प्रश्न आता कायद्याच्या कागदावरही आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो, आणि तो कोणत्या रीतीने काढला यासाठी शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय छापलेले आहेत. फोनमधला एखादा व्हिडिओ व्हॉट्सॲपने पुढे पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्याचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून प्रमाणपत्र भरणाऱ्याने रीतीसोबत हेही लिहायला हवे की हॅश फोनमधल्या मूळ फाइलचा आहे, तिच्या पाठवलेल्या प्रतीचा, की फोनच्या अख्ख्या साठवणीच्या नकलेचा, आणि तो नक्कल घेण्याआधी काढला की नंतर.