बोरसदचा खटला आणि शाळेच्या मान्यतेचा प्रश्न

नवी शाळा काढताना संस्थाचालक प्रथम अनुदानाची चौकशी करतात. मान्यतेचे नियम ते नंतर वाचतात, आणि वर्गवाढीचे तर पहिली तुकडी दहावीला पोहोचल्यावर. वास्तविक या तिन्ही गोष्टी एकाच खात्याच्या हाती असतात. त्या हाताला मर्यादा आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारी एक संस्था आपल्या गुजरातेतलीच होती. कामरेजच्या आमच्या वाचकांना बोरसद हे गाव परके नाही. त्या खटल्याची माहिती मात्र फारच थोड्यांना असते.

अनुदानाची पद्धत १८५४ च्या वूडच्या खलित्यापासूनची. खाजगी शाळेने सरकारी तपासणी मान्य करावी, सरकारने तिला पैसा द्यावा, असा तो व्यवहार होता. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणास खास उत्तेजन देण्याची शिफारस केली. त्या वेळी सुरत आणि रत्नागिरी हे दोन्ही जिल्हे एकाच मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे मराठी आणि गुजराती मुलखांतील शाळांचा कायदेशीर इतिहास १ मे १९६० पर्यंत सामाईक आहे, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

बोरसद येथे गुजरात-काठेवाडच्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळाचे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय होते. याच मंडळाच्या बेचाळीस प्राथमिक शाळा होत्या, आणि त्यांना लागणारे शिक्षक तेथे तयार होत. २८ मे १९५५ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की, बिगरसरकारी प्रशिक्षण महाविद्यालयांतील ८० टक्के जागा सरकारने पाठविलेल्या उमेदवारांसाठी राखून ठेवाव्यात. चालकांनी असमर्थता कळविली. तेव्हा अनुदान थांबविण्याची आणि मान्यता काढून घेण्याची ताकीद मिळाली. शंभरातील ऐंशी जागा गेल्यावर आपल्या शाळांसाठी शिक्षक घडविण्याचा मूळ हेतू कितीसा उरणार होता?

निकाल १९६२ मध्ये लागला. एव्हाना मुंबई राज्याचे दोन भाग झाले होते. न्यायालयाने सांगितले की नियमन करता येईल, पण ते त्या संस्थेला अल्पसंख्याकांची संस्था म्हणून अधिक कार्यक्षम करणारे असावे. केवळ सार्वजनिक हिताचे कारण पुरेसे नाही. आमच्या मते घटनेच्या तिसाव्या कलमाला खरा अर्थ येथेच आला. पुढे १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांपुढे हाच वाद आला. संलग्नता हा मूलभूत हक्क नव्हे, तरी ती देताना व्यवस्थापनाचा हक्क सोडून देण्याची अट घालता येणार नाही, असे बहुमत पडले.

वर्गवाढीकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. महाराष्ट्रात २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा नव्या शाळेबरोबरच जुन्या शाळेच्या दर्जावाढीलाही लागू होतो: परवानगी शासनाची, खर्च संस्थेचा. अमेरिकेतही असेच दिसते. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण करारानुसार स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचा, पहिला कायदा केला. त्यात साऱ्या राज्यासाठी केवळ आठ शाळांची मर्यादा होती. स्वातंत्र्य दिले, पण संख्येचा लगाम विधिमंडळाने स्वतःकडे ठेवला!

गुजरातेत २०२१ च्या दुरुस्तीने माध्यमिक शाळांतील शिक्षक व मुख्याध्यापक यांच्या निवडीची पात्रता व पद्धत ठरविण्याचा अधिकार शिक्षण मंडळास दिला, आणि त्यातून अनुदानित अल्पसंख्याक शाळा सुटल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. अनुदान घेणाऱ्याने गुणवत्तेचे नियम पाळावेत, हे म्हणणे अन्याय्य नाही. पण बोरसदची कसोटी लावली, तर उर्दू शाळेची भाषा आणि वातावरण जाणणारा शिक्षक या पद्धतीने मिळेल काय, हेही विचारले पाहिजे.

अलीकडे एका संस्थेच्या बैठकीस प्रस्तुत लेखक हजर होता. अनुदान सोडून मोकळे व्हावे, असे काही विश्वस्तांचे मत पडले. त्यावर एका वयस्क शिक्षिकेने विचारले, "मग लूमवर जाणाऱ्यांच्या मुलांची फी कोण भरणार?" ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाला.