राणीच्या बागेचे नाव

राणीची बाग हे मुंबईतील भायखळा येथील सार्वजनिक वनस्पती उद्यानाचे लोकप्रचलित नाव आहे. उद्यानाचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय असे असून त्याची व्यवस्था बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. जिजाबाईंच्या नावामुळे ‘राणी’ म्हणजे जिजामाताच असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हा शब्द इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला उद्देशून रूढ झाला.

पश्चिम भारतातील कृषी-उद्यानविद्या संस्थेची पहिली बाग शिवडी येथे होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली व भायखळ्यास नवे उद्यान उभे राहिले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुले झाले. कंपनी सरकार जाऊन राणीचा अंमल सुरू झाल्यास तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. परके नाव उच्चारण्यापेक्षा लोकांनी नुसते ‘राणी’ म्हणणे पसंत केले. व्हिक्टोरियाने सम्राज्ञीपद धारण केले ते १८७६ मध्ये. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे नाव त्या पदवीवरून आले आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात उद्यानास जिजाबाईंचे नाव देण्यात आले. जिजाबाईंचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या घराण्यात झाला. उद्यानालगतच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नावही १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे झाले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले, तेव्हा ‘व्हीजेटीआय’ ही आद्याक्षरे मात्र कायम राहिली. बागेच्या बाबतीत टिकून राहिला तो लोकांच्या तोंडचा शब्द.

नावातील ‘वनस्पती उद्यान’ हे पद सहसा दुर्लक्षिले जाते, कारण बहुतेक प्रेक्षक प्राणी पाहण्यासाठीच येतात. वास्तविक प्राणिसंग्रहालय हा नंतरचा भाग होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाची योजना पुढे आली, त्या वेळी जुन्या वृक्षांना धोका पोहोचेल म्हणून नागरिकांनी विरोध केला. हे मुळात वनस्पती उद्यान आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पण या मोहिमेतही बागेचा उल्लेख ‘राणी बाग’ असाच होत असे.