चाळमालकाची बँक

भाड्याने द्यायला घर घ्यायचं म्हटलं की आज आपण गृहकर्जाच्या हप्त्यांचा हिशोब मांडतो. पण एचडीएफसी स्थापन झाली ती 1977 साली. त्याआधी मुंबईत चाळमालकाला पैसा पुरवला कुणी? बऱ्याचदा खुद्द भाडेकरूनेच!

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. मग भाड्यात जे मिळेना ते मालक पागडी म्हणून एकरकमी घेऊ लागले. कायद्याने तो गुन्हा, म्हणून पावती नाही. (दागिने मोडून दिलेल्या पैशाचा कागदोपत्री पत्ताच नाही!) मालकाला ना व्याज, ना परतफेड. भाडेकरूला मिळे नाममात्र भाडं आणि पुढच्या पिढीपर्यंत चालणारा ताबा. खोली सोडताना तो नव्या माणसाकडून पागडी घेई आणि त्यातला वाटा मालकाला देई.

डागडुजीला मात्र कुणीच वाली नाही. मालकाला तुटपुंजं भाडं, भाडेकरूला मालकी नाही. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. पागडी घेणं कायदेशीर झालं ते 1999 च्या कायद्याने, 31 मार्च 2000 पासून. आधीच्या पागडीला पावती नव्हतीच.