अजिंठ्याच्या नकला आणि आपला वारसा

मार्च २००१ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. तेव्हा इथल्या मुसलमानांनाही विचारले गेले, 'तुमच्या धर्मात हेच शिकवतात काय?' या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मराठवाड्यातच, वाघूर नदीच्या काठी अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. पण ते सांगायचे तर अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास माहीत हवा.

१८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला असता ही लेणी बाहेरच्या जगाला कळली. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला काढल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. नक्कल नीट उतरावी म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश लावले गेले, त्याने चित्रांचेच नुकसान झाले. वारसा जगाला दाखवायच्या हौसेत वारशालाच इजा झाली.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले आणि ते गुलाम याझदानी यांच्याकडे सोपवले. दिल्लीत जन्मलेला, अरबी-फारसीचा हा विद्वान पुढची जवळजवळ तीस वर्षे त्या खात्याचा प्रमुख होता. गळून पडणारा गिलावा धरून ठेवण्यासाठी संस्थानाने इटलीहून कारागीर बोलावले. त्यांनी वापरलेली लाख पुढे काळवंडली हे खरे, पण चित्रे भिंतीवर टिकली. याझदानींनी छायाचित्रांसह 'अजंठा' हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत सिद्ध केला. त्याआधी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नकला काढणाऱ्या चित्रकारांत नंदलाल बोस होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमदही होते. बुद्धाच्या जातककथा जपायला या मंडळींचा ईमान आड आला नाही. बामियानचा प्रश्न विचारणाऱ्यांना आणि बामियान उडवणाऱ्यांनाही हेच उत्तर पुरे आहे.

आता नकलेला रंग-कुंचला लागत नाही. लेसर किरणांनी भिंतीचे इंचन् इंच मोजून संगणकावर तिची हुबेहूब आकृती उभी करता येते. या कामासाठी २००३ मध्ये 'सायआर्क' ही संस्था काढणारे बेन कासिरा हे मूळचे इराकमधल्या मोसुलचे आणि बामियानचा विध्वंस हेच त्यांच्या कामाचे निमित्त. नव्या नकलेत मूळ चित्राला हात लागत नाही. माणसांच्या श्वासाचा दमटपणा, दिव्यांची झळ लागत नाही. नक्कल एका जागी जळाली, तरी दुसऱ्या जागी शिल्लक राहते. गिल आणि ग्रिफिथ्स यांना हेच मिळाले नव्हते. उर्दू शाळेतला मुलगा किंवा घराबाहेर पडू न शकणारी आजी, दोघेही पडद्यावर लेण्यात फिरू शकतात.

पण यंत्र फक्त दगड मोजते. दगडाचे नाव त्याला कुणीतरी सांगावे लागते. अहमदनगरजवळच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत पाहा. लोक तिला 'चांदबिबी महाल' म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. किल्ल्यासाठी लढलेल्या चांदबिबीचा पराक्रम तसाच मोठा आहे, त्याला उसन्या महालाची गरज नाही. उद्या कुणी या इमारतीची आभासी सफर तयार केली आणि खाली चुकीची पाटी लावली, तर ती चूक एका डोंगरावर न राहता घरोघर जाईल.

खुलदाबादेत मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि १६२६ मध्ये राज्याचा कर्ताधर्ता म्हणून मेलेला हा माणूस. त्याने वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली, पण त्याच्या नहरीचे मातीखालचे नळ आणि त्यांतून पाणी खेळवण्याची अक्कल बदलली नाही. जमिनीवरून न दिसणारी ही नहर दाखवायला तर आभासी प्रदर्शनासारखे साधन नाही.

यासाठी फार मोठा खजिना लागत नाही. आपापल्या गावातील मशिदी, दर्गे, बारव, वेशी यांची नीट छायाचित्रे काढावीत. फारसी शिलालेख वाचू शकणारे बुजुर्ग आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्यावेत आणि अर्थ मराठीत लिहावा. गावात देऊळ वा लेणे असेल तर त्याचीही नोंद त्याच वहीत व्हावी, कारण याझदानींनी अजिंठा आणि बीदर यांच्यात भेद केला नाही. दगड बोलत नाहीत. त्यांच्या वतीने आपण बोललो नाही, तर दुसरे कुणी बोलेल आणि तेच पुढे इतिहास म्हणून वाचले जाईल.