पुडीपासून चिठ्ठीपर्यंत : भंडारा जिल्ह्यातील वाटेवरची औषधे

मोजून बांधलेले, कनवटीला लावून नेता येईल असे औषध भंडारा जिल्ह्याच्या खेड्यांत पोचले ते थंडीतापावरच्या क्विनीनच्या रूपाने. हा तळ्यांचा, धानाचा आणि जंगलाचा मुलूख. पाऊस ओसरला की थंडीतापाची साथ ठरलेली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि सरकारी दवाखाने निघाले. पण ते मोठ्या गावांत. बाकीच्यांना वैदूचा काढा आणि झाडपाला.

सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्यात फ्रान्समध्ये १८२० साली यश आले होते. १८६० नंतर निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड झाल्यावर ते हिंदुस्थानात स्वस्तात तयार होऊ लागले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एक पैशाला क्विनीनची पुडी विकली जाऊ लागली आणि पुढे ही पद्धत मध्य प्रांतासह इतरत्र पसरली. या पुडीचे महत्त्व तिच्या स्वस्ताईपुरते नव्हते. आत ठरावीक वजनाची पूड असे, त्यामुळे मात्रेचा अंदाज घेणाऱ्याच्या हातावर सोडलेला नसे. डॉक्टर जवळ नसताना औषध सुरक्षित राहायचे तर त्याचे नाव आणि मात्रा त्याच्यासोबतच चालायला हवी. ही गोष्ट त्या साध्या कागदाने पुष्कळ आधी साधली होती.

दवाखान्यातले औषध मात्र प्रवासाला अगदीच गैरसोयीचे. रोगी घरून बाटली घेऊन जाई, कंपाउंडर तीत मिक्श्चर भरे आणि बाटलीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक मात्रा. औषधाचे नाव बाटलीवर नसेच. ओल्या हाताने पट्टी निघाली की मात्रा गेली, बूच सैल झाले की औषध बैलगाडीतच सांडले, आणि मिक्श्चर टिके तेही थोडेच दिवस. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडाकडे रेल्वे निघाली. भंडारा रोड स्थानक शहरापासून दूर वरठीला, तुमसर रोडही गावाबाहेर. मँगनीजच्या खाणींवर, विडीच्या कामावर किंवा नागपूरच्या गिरण्यांत जाणारा माणूस महिनोन्‌महिने बाहेर राही. त्याला ही बाटली पुरणे शक्यच नव्हते.

पुडीचाही भरवसा पुढे डळमळला. बाजारात भेसळीचे आणि कमी कसाचे क्विनीन येऊ लागले. अशा औषधांबद्दलच्या तक्रारी वाढल्यावर १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर बऱ्याच विलंबाने १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. डॉक्टरच्या चिठ्ठीला कायद्याचे वजन मिळाले ते या नियमांमुळे. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रोग्याचे नाव-पत्ता आणि औषधाचे प्रमाण असलेच पाहिजे. डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा औषध मिळणार नाही. विक्रेत्याने औषध देताना चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची. प्रवाशाच्या दृष्टीने ही शेवटची अट मोलाची. खिशातल्या कागदावर औषध कोणी लिहिले, कुठून घेतले, कधी घेतले हे सगळे एका जागी दिसते.

पुढे गोळ्यांची स्ट्रिप आल्यावर प्रवास सोपा झाला, पण एक जुनी खोट परत आली. औषधाच्या दुकानात चार गोळ्या कापून दिल्या की पत्र्याच्या एका टोकाला छापलेली मुदत आणि बॅच क्रमांक दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातात. नावही त्यासोबत गेले तर गोळीचा रंग सांगून औषध मागण्याची पाळी येते. खाचांच्या पट्टीच्या काळात रोगी जितका अंधारात होता, तितकाच तो इथेही असतो.

वेदनाशामकांचा कायदा वेगळ्या वाटेने आला. अफू खोकल्यावर, हगवणीवर घरोघरी चाले. १८७८ च्या अफू कायद्याने ती परवान्याखाली आली, १९३० च्या कायद्याने बंधने वाढली आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अफूपासून काढलेली मॉर्फिनसारखी वेदनाशामके आली. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आले. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत अशा औषधांसाठी आधी परवानगी काढावी लागते. नुसती स्ट्रिप दाखवून भागत नाही.

वेदनाशामकांचा हा कायदा पूर्व विदर्भाला फार जवळून लागतो, तो सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. आज भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात हा आजार अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यावर रोजची फॉलिक ॲसिडची गोळी आणि अनेकांना हायड्रॉक्सीयुरिया. वेदनेचा झटका आला तर कडक वेदनाशामक. तहान, थंडी आणि थकवा हे तिन्ही झटक्याला निमंत्रण देतात आणि लांबच्या प्रवासात तिन्ही एकत्र भेटतात. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल फोडायची नसते, आणि ते घेताना रक्ताची वेळोवेळी तपासणी लागते, त्यामुळे वर्षाचा साठा एकदम बांधून देता येत नाही. परगावी झटका आलेल्या माणसाजवळ आजाराचा कागद नसेल, तर कडक औषध मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाण्याची भीती असते. ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर हा फार मोठा अन्याय आहे.

उपचारासाठी जाणाऱ्या सिकलसेल रुग्णांना रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, एसटीतही आहे. दोन्हीकडे वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवावे लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी झालेल्यांना कार्डही दिले जाते. हे कार्ड, प्रमाणपत्र, डॉक्टरची चिठ्ठी आणि न कापलेली स्ट्रिप या चार गोष्टी सामानात न टाकता अंगाशी ठेवायच्या, दोन-चार दिवसांचे औषध जास्तीचे घ्यायचे आणि पाण्याची बाटली रिकामी होऊ द्यायची नाही, एवढी तयारी भंडाऱ्याहून निघणाऱ्या रुग्णाला लागते.